पाहुण्यांचा पंप

आबांनी किल्ली फिरवून काढली, तरी गाडी बंद होईना. इंजिन आपलं आपणच धक्के देत, थरथरत फिरत राहिलं आणि मग उचकी लागल्यासारखं करून गप झालं. मी चहाचा कप घेऊन पंपाच्या कट्ट्यापाशी उभी होते. मला हसू आलं.

"आबा, गाडी तुमचं ऐकंना झालीय."

"म्हातारी झालीया," आबा म्हणाले. खाली उतरून त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग पंपावरच्या माणसाला म्हणाले, "सदा, पाच लिटर सोड."

"पाचच? टाकी फुल करा की. एवढ्या लांबनं येताय."

"लागंल तसं भरावं."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि गाडीला पाठ टेकून उभ्याउभ्याच प्यायला सुरुवात केली. चहा पिताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. रस्त्याकडे बघायचे, नाहीतर समोरच्या टायरकडे.

"बरी हाईस नव्हं?"

"बरी आहे. घरात या की आबा. आत्याबाई आहेत, मामंजी आहेत."

"कशाला? पेट्रोलला आलोय."

कप-बशी माझ्या हातात देऊन ते निघाले. पंपापासून पुढे रस्त्याला चढ होता. चढाला लागली की त्यांची अँबॅसडर खडखडायची. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज यायचा, आणि मागे काळा धूर. वळणापलीकडे गेल्यावरही तो आवाज बराच वेळ ऐकू यायचा. माझ्या लग्नाआधी गाडीचा आवाज असा नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी गडहिंग्लजची. माझे वडील हिंदुराव ढेरे, त्यांना मी आबा म्हणायची. आई मी सातवीत असताना गेली, त्यानंतर घरात आम्ही दोघंच. आबा वडाप करायचे, म्हणजे अँबॅसडरमध्ये प्रवासी भरून गावोगाव पोचवायचे. माणूस अबोल. माझ्या केसांना तेल लावतानासुद्धा ते बोलायचे ते गाडीचंच. आज क्लच घसरला, आज प्लग साफ केले. मला ते ऐकायची सवय होती.

हिरडेवाडीच्या तिठ्यावर नलवड्यांचा पेट्रोल पंप होता. आता तो नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा गेला. त्या वेळी मात्र पंचक्रोशीत 'पंपवाले नलवडे' म्हटलं की लोक उठून उभे राहायचे. त्यांच्या थोरल्या मुलाचं, उदयचं, स्थळ मला सांगून आलं, तेव्हा वडापच्या अड्ड्यावरच्या माणसांनी आबांना खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं. "आता काय हिंदुराव, पेट्रोलला मरण न्हाई," असं सगळे म्हणायचे. आबा नुसते हसायचे. आमच्याकडे सोयऱ्यांना पाहुणे म्हणतात. आबांनी त्या पंपाचं नाव कधी घेतलं नाही. ते म्हणायचे, पाहुण्यांचा पंप.

लग्नानंतर पहिल्या महिन्यात ते दोनदा मला भेटायला घरी आले. नंतर यायचे थांबले. मग एक दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला पंपावर उभी असलेली त्यांची गाडी दिसली. आमचं घर पंपाच्या मागेच होतं. मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारून चहा नेला. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा ते येत राहिले. त्यांची लाईन नेसरीकडची, म्हणजे अगदी उलट्या दिशेची. तरीसुद्धा यायचे. पाहुण्यांचा मान राखायला येतात, असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर कधीकधी मला वाईट वाटायचं. शेजारच्या चुलत जाऊबाईंचे वडील पेढे घेऊन यायचे, ओसरीवर बसून तास-तास गप्पा मारायचे. माझे आबा यायचे ते पाच लिटर पेट्रोलसाठी.

त्या वर्षी नागपंचमीला मी एसटीने माहेरी गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गाडीचं इंजिन खोललंय, बाबालालकडं असतील." पिशवी तिच्याकडे ठेवून मी गॅरेजवर गेले.

बाबालाल मुल्लाणी हे आबांचे लहानपणापासूनचे मित्र. मी त्यांना चाचा म्हणायची. आबा सिलेंडर ब्लॉक आतून घासून, म्हणजे बोअरिंग करून, आणायला कोल्हापूरला गेले होते. चाचा एकटेच पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते, पुढ्यात फाटक्या पोत्यावर गाडीचे सुटे भाग मांडून.

"परत इंजिन?" मी म्हणाले. "गेल्या वर्षी तर केलं होतं."

"गेल्या वर्षी केलं, त्याच्या आदल्या वर्षीबी केलं," चाचा म्हणाले. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि पुन्हा काम करायला लागले.

"गाडी एवढी जुनी झाली का हो?"

चाचा पाना फिरवत राहिले. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"शालन, तुझ्या आबानं मला शपथ घातलीया. पर मला आता हे बघवत न्हाई." त्यांनी पोत्यावरचा एक पिस्टन उचलून माझ्या हातात दिला. "वरनं बोट फिरव."

त्याचा माथा गुळगुळीत असायला हवा होता. माझ्या बोटाला खड्डे लागले, वाळवी लागलेल्या लाकडासारखे. कडेचा एक टवका उडाला होता, आणि रिंगांचे तुकडे झाले होते.

"पेट्रोल कसं असतं," चाचा म्हणाले, "ठिणगी पडली की पेटतं. ठिणगी पडंस्तवर गप बसतं. त्यात रॉकेल मिसळलं की त्येला तेवढा दम निघत न्हाई. पिस्टन वर येतोय तवर आतल्या आत आपसूक भडकतं. वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर हातोडा मारावा तसं. ती खडखड ऐकलीस न्हवं चढाला? ते हातोडंच. किल्ली काढल्यावर बी इंजिन फिरतं, ते त्यामुळंच. आणि न जळलेलं रॉकेल खाली उतरून ऑइलमधी मिसळतं. ऑइल पाण्यागत पातळ होतं, मग सगळं एकमेकाला घासून खातं. ओढ जाते, धूर येतो. ह्या गाडीला काही भारी पेट्रोल लागत न्हाई पोरी. साधंच लागतं. पर निर्मळ लागतं."

"रॉकेल कुठनं आलं?" मी विचारलं.

चाचांनी कोपऱ्यातली बाटली उचलली. गाडीच्या टाकीतून काढलेलं होतं ते. त्यांनी माझ्या तळहातावर थोडं ओतलं. "चोळ. चांगलं पेट्रोल असंल तर उडून जाईल, हात कोरडा पडंल."

मी चोळलं. हात कोरडा पडला नाही. चुलीपाशी येतो तो वास आला, आणि तेलकटपणा तळव्याला धरून राहिला.

चाचा खाली बघत म्हणाले, "दोन वर्षं तो दुसरीकडं कुठं भरत न्हाई."

आमच्या घरामागच्या शेडमध्ये रॉकेलचे बॅरल असायचे. शेतातल्या इंजिनासाठी आहेत असं मला सांगितलं होतं, आणि मी ते खरं धरलं होतं.

संध्याकाळी आबा कोल्हापूरहून आले. मी भाकऱ्या केल्या, वाढल्या. त्यांचं जेवण होऊ दिलं आणि मग विचारलं.

"आबा, पंपावरच्या पेट्रोलात रॉकेल असतं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांचा हात ताटात थांबला. "बाबालाल बोलला?"

"ठाऊक होतं का?"

"व्हतं."

"कधीपासनं?"

"इंजिन बोलतंय की. पैल्याच महिन्यात कळलं."

"मग का भरत राहिलात? इथं गावात पंप आहे, घरापासनं पाच मिनिटांवर."

आबांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला, टॉवेलला पुसला. बराच वेळ पुसत राहिले. "पाहुण्यांचा पंप हाय," ते म्हणाले. "दुसरीकडं भरलं तर बरं दिसत न्हाई."

"आणि इंजिन गेलं तर बरं दिसतं?"

"तू ह्यात पडू नगंस शालन. गाडी माझी हाय. मी बघतो."

मला त्यांचा राग आला. मानापानासाठी माणसानं आपली गाडी, आपलं पोट मातीत घालायचं, हे मला पटेना. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचाही राग आला. मी ठरवलं की हे मीच थांबवायचं. ते बोलणार नसतील तर मी बोलेन.

सासरी परतल्यावर मी आधी यजमानांना सांगितलं. उदय स्वभावाने मऊ. कोल्हापूरला शिकलेले, वाचनाची आवड असलेले. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत.

"सगळेच करतात गं," एवढंच म्हणाले. "मी आप्पांना दोनदा सांगितलं. ते म्हणतात, तुला धंदा कळत नाही."

"निदान आबांना तरी चांगलं घाला."

"टाकी एकच आहे, शालन. आबांसाठी वेगळं कुठनं आणू?"

"मग त्यांना सांगा, इथं भरू नका म्हणून. तुम्ही सांगितलंत तर त्यांचा मान दुखावणार नाही."

उदयनी काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. मामंजींच्या कानावर मात्र ते गेलं. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. मामंजी, म्हणजे आप्पासाहेब नलवडे, हा माणूस दुष्ट नव्हता. माझ्या आजारपणात त्यांनी स्वतः गाडी काढून मला दवाखान्यात नेलं होतं. पण घरातल्या सुनेनं त्यांच्या पेट्रोलाला नावं ठेवावीत, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. ते खरं होतं म्हणून तर अजिबातच नव्हतं.

इंजिनाचं काम झाल्यावर आबा पहिल्यांदा आले तो दिवस बाजाराचा होता. पंपावर चार-पाच गाड्या होत्या. मी चहा घेऊन बाहेर आले, तर मामंजी केबिनमधून उठून आबांच्या गाडीपाशी येऊन उभे होते.

"पाहुणे, आमच्या पेट्रोलानं तुमचं इंजिन खाल्लं म्हणे."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "कोन म्हणालं?"

"तुमची लेक म्हणते."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

"ती पोर हाय, आप्पासाहेब," ते म्हणाले. "तिला काय कळतंय इंजिनातलं? पेट्रोल चांगलंच हाय. गाडी जुनी हाय माझी."

"आबा," मी म्हणाले.

"तू गप. सदा, पाच लिटर सोड."

सदानं मामंजींकडे बघितलं. मामंजींनी मान हलवली. "नको. उद्या परत काही झालं की आमच्या नावानं ओरड. चार लोकांत आमची अब्रू आहे. तुम्ही आपलं तुमच्या गावातच भरत जा, पाहुणे. ते तुम्हालाही बरं, आम्हालाही बरं."

एवढं झाल्यावर दुसरा कुणीही गाडीत बसून निघून गेला असता. आबा गेले नाहीत. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी हात जोडले.

"मी काही बोललो न्हाई, आप्पासाहेब. कुणापाशीबी न्हाई. बोलनारबी न्हाई. पाच लिटर भरू द्या."

"नको म्हटलं ना."

"मग दोन लिटर. दोनच भरू द्या."

बाकीचे गाडीवाले बघत होते. माझ्या वडिलांनी हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. आई गेली तेव्हा डॉक्टरपुढेही त्यांनी ते जोडले नव्हते. आणि आज ते कशासाठी जोडत होते, तर त्यांचं इंजिन जाळणाऱ्या पेट्रोलासाठी. लाजेनं माझे कान तापले.

मी पुढे झाले. "आबा, चला, निघा तुम्ही. गावात चांगलं मिळतं. कशाला ही लाचारी? यायचंच कशाला इथं?"

आबांचे हात खाली आले. चहा माझ्या हातात होता. तो घ्यायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, की द्यायचं माझ्या, सांगता येत नाही. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि गाडीत बसले. चढावर गाडी खडखडली. टाकीत अजून जुनं पेट्रोल शिल्लक असेल.

त्यानंतर ते पंपावर आले नाहीत.

गाडी मात्र दिसायची. दहा-बारा दिवसांनी एकदा दुपारी मी भांडी घासत होते, तर रस्त्यावरून ओळखीचा हॉर्न आला. दोनदा. मी परसातून धावत पुढे आले. आबांची अँबॅसडर पंपासमोरून हळू जात होती. आबांनी खिडकीतून हात वर केला. मीही केला. चढाला गाडी लागली आणि मी कान देऊन ऐकलं. खडखड नव्हती. धूर नव्हता. गिअर न बदलता, पाण्यातून होडी जावी तशी गाडी चढ चढून गेली. मला इतका आनंद झाला की मी उदयना बोलावून सांगितलं, "ऐकलंत? आता कशी चाललीय."

मग ते असं येत राहिले. कधी गाडीत माणसं असायची, कधी गाडी रिकामी. पंप जवळ आला की वेग कमी व्हायचा, हॉर्न दोनदा वाजायचा, मी बाहेर यायची, हात वर व्हायचे, संपलं. बाहेर यायला मला थोडा जरी उशीर झाला तरी नुसती गाडीची पाठ दिसायची.

दिवाळीला मला माहेरी जाता आलं नाही. नणंद बाळंतपणाला आली होती, घरात माणूस हवं होतं. आबांना तसा निरोप पाठवला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला आणि मी बाहेर आले, तर गाडी जरा पुढे, एसटी थांब्याच्या चिंचेखाली उभी होती. मी आत्याबाईंना न विचारताच चालत गेले. आबांनी पुढ्यातल्या सीटवरून एक पुडा उचलून माझ्या हातात दिला. करंज्या होत्या, शेजारणीकडून करून घेतलेल्या.

"बरी हाईस नव्हं?"

"बरी आहे. तुम्ही वाळलात."

"न्हाई. हाय तसाच हाय."

"गाडी कशी आहे?"

"गाडी?" आबांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. "गाडी एकदम झकास. आवाज न्हाई, धूर न्हाई. काम असं काही निघतच न्हाई आता तिचं."

"बघा," मी म्हणाले. "मी म्हणत नव्हते?"

"व्हय," आबा म्हणाले. "तू म्हणत व्हतीस."

मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "ड्रायव्हर, उन्हं कलायला लागली की." आबांनी गाडी चालू केली. इंजिन चालू झाल्याचं कळलंसुद्धा नाही.

"जातो," ते म्हणाले. पण लगेच गेले नाहीत. "चुलीपाशी बसतीस न्हवं, डोळं सांभाळ. धूर असतोय."

मी त्यांना तेवढंच शेवटचं जवळून पाहिलं.

मार्गशीर्षात आठ-दहा दिवस हॉर्न आला नाही. लाईनवर काम जास्त असेल असं मला वाटलं. मग एका सकाळी बाबालालचाचा सायकलीवरून आले आणि पंपावर न थांबता सरळ आमच्या ओसरीवर आले, तेव्हाच मला कळलं. अड्ड्यावर गाडी उभी करून नंबरची वाट बघत असताना आबा सीटवरच गेले होते. बराच वेळ कुणाला कळलंही नाही. सगळ्यांना वाटलं, डोळा लागलाय.

दिवस होईपर्यंत मी माहेरी राहिले. तेरावं झालं, माणसं पांगली. दुसऱ्या दिवशी चाचांनी गाडी दारात आणून उभी केली. पुसून लख्ख केली होती.

"हिचं काय करायचं ते तू सांग," ते म्हणाले. "गिऱ्हाईक येतंय. पर मला एक सांगायचंय पोरी, इंजिन नव्यागत हाय. परवा मी प्लग काढून बघितलं. विटकरी रंग, कुठं काजळी न्हाई. अजून चार-पाच वर्षं हिला हात लावायला लागणार न्हाई."

"निदान शेवटचे महिने तरी त्यांना गाडीचा त्रास झाला नाही," मी म्हणाले.

चाचा पायरीवर बसले. त्यांनी डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला.

"त्रास," ते म्हणाले. "तुला काय वाटतं, तुझा आबा तिकडं पेट्रोल भरायला जायचा?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"लग्नानंतर पैल्यांदा दोन डाव तो तुझ्या घरी आला. दुसऱ्या टायमाला तू आत चहा करत व्हतीस. तुझी सासू कुणालातरी म्हणत व्हती, ओसरीवर आवाज येत व्हता, की लेक दिली की दिली, बाप सारखा येऊन बसला की पोरीचं मन लागत न्हाई, आणि माणसं हसत्यात. त्यानं ऐकलं. तसाच उठून आला. माझ्या शेडमधी येऊन बसला आणि म्हणाला, बाबालाल, आता मी कुठल्या तोंडानं जाऊ? मग आपणच म्हणाला, पंपावर जायला कुणाची बंदी हाय? गिऱ्हाईक म्हणून जातो."

चाचा रुमालाची घडी घालू लागले. त्यांनी पुढे बोलावं असंही मला वाटत नव्हतं आणि थांबावं असंही वाटत नव्हतं.

"म्हणून पाच लिटर. टाकी भरली तर परत जायला महिना लागतोय. मी किती डोकं फोडलं असंल त्याच्यापुढं. म्हणलं, अरे, इंजिन मरतंय. तर म्हणायचा, मरू दे. तिथं शालन चहा घिऊन येती. तेवढं दोन मिन्टं मला बघाय मिळती. दुसऱ्या कुठल्या पंपावर येती का ती?"

"मला का नाही सांगितलं?" मी म्हणाले. "मी विचारलं होतं त्यांना. इथंच, या घरात. का भरता म्हणून विचारलं होतं."

"काय सांगणार? मला तुझी आठवण येती म्हणून? तुझ्या आबाला तसं बोलता आलं असतं का? आणि सांगितलं असतं, तर तू सासूशी भांडली असतीस. त्येला तेच नको व्हतं. तुझं घर नीट चालावं एवढंच त्येचं म्हणणं." चाचांनी रुमालानं तोंड पुसलं. "त्येला पंपावर यायला बंदी झाल्यावर लईदा रिकामी गाडी घिऊन तिकडनं चक्कर मारायचा. मी म्हणायचो, थांबत जा की घरी, आता लेकीच्या लग्नाला दोन वर्षं झाली. तर म्हणायचा, न्हाई, तिनंच सांगितलंय, यायचंच कशाला इथं."

मी तिथून उठले आणि गाडीत जाऊन बसले. पुढच्या सीटवर, लहानपणी शाळेत जाताना बसायची तिथं. दार लावून घेतलं. चाचा उठून गेले असावेत. मी किती वेळ रडले ते मला आठवत नाही. कुणी हाक मारली नाही.

उन्हं उतरल्यावर मला न्यायला उदय आले. त्यांनी दार उघडलं आणि आत ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, आत्याबाईंचं बोलणंसुद्धा. मी भांडणासाठी सांगत नव्हते. मला ते कुणालातरी सांगायचं होतं, आणि जगात मला सांगण्यासारखं आता तेच एक माणूस उरलं होतं.

उदयनी स्टिअरिंगवर हात ठेवले. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, ते पेट्रोलसाठी येतात."

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हणाले.